ज्ञातीच्या पाककृती-पुस्तकासाठी पदार्थांचे फोटो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या नौपाड्यातलं एक सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) महिला मंडळ स्वतःच्या पाककृतींचं पुस्तक काढतंय. गुढीपाडव्याला ठरलं, दिवाळीला हातात हवंय. नव्वदेक कृती जमल्यात, त्यातल्या बऱ्याचशा सत्तरीपुढच्या सभासदांच्या. पैसे बेताचे, त्यामुळे फोटो घरच्याच मंडळींनी काढायचे. एका रविवारी हॉल घ्यायचा, सगळ्यांनी आपापला पदार्थ डब्यात घालून आणायचा आणि संध्याकाळपर्यंत फोटो उरकायचे, असं घाटतंय. कॅमेरा भाड्याने आणावा का, लाइट कुठले लागतील आणि पदार्थ ‘मासिकातल्यासारखे’ दिसायला काय करावं, असं चिटणीस ताईंनी विचारलंय.

ताई, मी ठाण्यातच फूड स्टायलिंग आणि फोटोग्राफी करते, जाहिरातींसाठीही आणि पुस्तकांसाठीही. त्या अनुभवावरून सांगते, आधी तो हॉल रद्द करा. डब्यातून उतरलेलं बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, वरून सुकलेलं आणि खाली बसलेलं असतं. तळणीला घाम सुटलेला असतो. खिचडीचा गोळा झालेला असतो. त्यावर हॉलच्या ट्यूबलाइटचा निळसर-हिरवट उजेड पडला की सुगरणीच्या हातचंही कालचं वाटतं. शिवाय नव्वद पदार्थ एका दिवसात म्हणजे दर पदार्थाला पाच-सहा मिनिटं. तेवढ्यात ताटली पुसूनही होत नाही.

दुसरं, नव्वद कृतींना नव्वद फोटो लागतच नाहीत. पुस्तक उघडून ओट्याशी उभी राहिलेली मुलगी फोटोकडे का बघते? कौतुक म्हणून एकदा बघते, नंतर बघते ती आपलं पातेलं पुस्तकातल्याशी जुळतंय का हे ताडायला. ‘खिचडी आसट ठेवावी’ असं आजींनी लिहिलंय. आसट म्हणजे किती? ‘कानवल्याला पदर सुटले पाहिजेत’. जिने खाजाचा कानवला, म्हणजे पापुद्र्यांची करंजी, कधी पाहिलाच नाही, तिने पदर म्हणजे काय समजायचं? ‘वालाला मोड बेताचे आले की सोलावेत’. बेताचे म्हणजे नखाएवढे की बोटाच्या पेराएवढे? जिथे शब्द थकतात तिथे फोटो टाका. कृती वाचत जा आणि असा शब्द भेटला की समासात खूण करा. माझा अंदाज, पस्तीस-चाळीस खुणा होतील आणि त्यातल्या निम्म्या तयार पदार्थाच्या नसतील, मधल्या टप्प्याच्या असतील. मोड आलेले वाल, डाळिंब्या म्हणजे सोललेले वाल, साठा (तूप-पिठाचं मिश्रण) लावून गुंडाळलेली पोळी, तिची कापलेली लाटी. असे फोटो ‘मासिकातल्यासारखे’ दिसत नाहीत, पण पुस्तक वापरात राहतं ते त्यांच्यामुळे.

चटण्या, कोशिंबिरी, लाडू यांना स्वतंत्र फोटो देऊ नका. सहा चटण्यांच्या छोट्या वाट्या एका परातीत ठेवून एकच फोटो घ्या. पानं वाचतात, पैसेही वाचतात. छापखान्यात आत्ताच जाऊन विचारा की रंगीत पानं किती पानी फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, निघतील. साधारणपणे आठ किंवा सोळा पानांचा हिशेब असतो. रंगीत पानं एकत्र आर्ट पेपरवर आणि बाकी मजकूर साध्या कागदावर काळ्या शाईत, ही जुनी पद्धत बेताच्या पैशांत चांगली जमते. फोटोंचा आकडा त्या हिशेबाने पक्का करा.

आता दिनदर्शिका घेऊन बसा, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर ताजं पापलेट मिळायला लागेल, पण तेव्हा तुमच्या निम्म्या घरांत श्रावण पाळत असतील. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, तेव्हा तुमच्या पुस्तकाला कोणी हात लावणार नाही. म्हणून ताज्या माशांचे फोटो मे संपायच्या आत काढा. कैरीचं आणि फणसाचं जे काही असेल तेही त्याच खेपेला. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, त्यामुळे सोड्याची खिचडी कधीही करता येईल. अळू पावसाळ्यात जोमात असतं. निनावं, म्हणजे नारळाच्या दुधातली भाजलेली गोड वडी, श्रावण सरताना घरोघर होतंच, ज्यांच्याकडे उत्तम होतं त्यांच्याच घरी जाऊन फोटो काढा. गणपतीआधी सगळे फोटो हातावेगळे झाले पाहिजेत.

उजेडाकडे येते. लाइट विकत किंवा भाड्याने आणू नका. तुमच्या सभासदांपैकी दोन-तीन घरं अशी शोधा जिथे मोठी खिडकी आहे आणि त्या वेळी तिच्यातून थेट ऊन आत येत नाही. पूर्वेची खिडकी असेल तर अकरानंतर, पश्चिमेची असेल तर सकाळी. उत्तरेची असेल तर जवळपास दिवसभर. टेबल खिडकीला चिकटवून ठेवा, उजेड पदार्थावर बाजूने किंवा जरा मागून यायला हवा. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून उजेड आला की पदार्थ चपटा दिसतो, भाताची शितं वेगळी दिसत नाहीत, रश्शावरचा तवंग चमकत नाही. दुसऱ्या बाजूला पांढरं सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ पुठ्ठा) उभं करा, नाव-पाट्या बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे मिळतात. ते जवळ-लांब सरकवून सावली हवी तेवढी फिकी करता येते. मे महिन्यात उजेड फार कडक वाटला तर खिडकीच्या ग्रिलवर जुनं मऊ धोतर किंवा पांढरी मलमल ताणून बांधा. ग्रिलच्या सळयांच्या सावल्याही त्यानेच जातात. आणि खोलीतला प्रत्येक दिवा बंद, स्वयंपाकघरातला सुद्धा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की भाताचा एक काठ पिवळा आणि दुसरा निळा दिसतो, आणि तो दोष नंतर कुठल्याच ॲपने धड निघत नाही.

ठाण्यात एक वेगळी भानगड असते, ती पुस्तकी सल्ल्यात सापडत नाही. समोरची इमारत. नौपाड्यात काय किंवा घोडबंदर रोडला काय, दोन इमारतींत अंतर थोडं. समोरच्या भिंतीला पिस्ता रंग असेल तर त्या भिंतीवरून उलटलेला उजेड तुमच्या नारळाच्या दुधावर पिस्ता रंगाचाच पडतो. सोसायटीचं रिपेरिंग चालू असेल आणि बाहेर हिरवी जाळी लावली असेल तर सगळे पदार्थ आजारी दिसतात. पावसाळ्यात गच्चीवर आणि खिडक्यांच्या छज्जांवर ताणलेली निळी ताडपत्रीही तेच करते. डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण आपला मेंदू पांढऱ्याला पांढरंच समजून घेतो. म्हणून घर पक्कं करण्याआधी पांढऱ्या ताटलीत नुसता पांढरा भात वाढून त्या खिडकीपाशी एक फोटो काढा. भात ज्या रंगाचा दिसेल तो त्या खिडकीचा रंग. फार रंगीत असेल तर सरळ दुसरं घर बघा. जुलै-ऑगस्टचं ढगाळ आभाळ मात्र वरदान आहे. सगळं आकाशच एक मोठा पांढरा पडदा होतं आणि दिवसभर उजेड जवळपास सारखा राहतो. पावसाची वाट बघून तेव्हा जास्तीत जास्त उरका. एवढंच की त्या हवेत पापड आणि चकल्या पाहता पाहता मऊ पडतात, त्या घट्ट डब्यातून अगदी शेवटी काढा.

कॅमेऱ्याचं लवकर आटोपते. भाड्याने आणू नका, कारण तो हाताळायला शिकण्यातच एक दिवस जाईल. तुमच्यात ज्यांचा फोन सगळ्यात बरा असेल तो एकच फोन सगळ्या फोटोंना वापरा, नाहीतर पानागणिक रंग बदलेल. ए-फाइव्ह आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये याहून खूप जास्त असतात. रुंद लेन्सने जवळ जाऊन काढू नका, ताटाच्या कडा ओढल्यासारख्या होतात. मागे सरका आणि दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. फोन स्टँडवर लावा, टायमर लावा. ब्युटी, फूड, व्हिव्हिड वगैरे मोड बंद. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, फोन समोरचं सगळं मध्यम उजळ करायला बघतो. पांढरे कानवले दिसले की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो ते करडे करून टाकतो. तपकिरी खिचडी दिसली की उलट करतो, ती फिकी पाडतो. म्हणून पडद्यावर बोट दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, लॉक करा आणि पांढऱ्या पदार्थाला थोडं वर, काळपट पदार्थाला थोडं खाली सरकवा.

आता खरं काम. प्रत्येक फोटोआधी एक डमी ताट लावा. त्याच आकाराच्या भांड्यात कालची आमटी घाला, उरलेला भात घाला, काहीही चालेल. चौकट, उजेड, चमचा कुठे, कापड कुठे हे सगळं डमीवर ठरवून घ्या. खरा पदार्थ गॅसवरून उतरला की डमी उचलायची, खरं भांडं त्याच जागी ठेवायचं आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत फोटो संपवायचा. जाहिरातींच्या सेटवर आम्ही हेच करतो, यात गुपित काही नाही.

वालाच्या बिरड्याचं उदाहरण घेऊ, कारण ते तुमच्या पुस्तकाचा मान आहे आणि फोटोला महाकठीण आहे. रंग मातकट, रस दाटसर, आणि डाळिंब्या रसात बुडतात. डावाने ढवळून वाढलं की निम्म्या मोडतात. त्यामुळे शिजल्यावर ढवळू नका. पातेलं दहा मिनिटं स्वस्थ ठेवा, तवंग वर येऊ द्या. वरचा तवंग चमच्याने एका वाटीत काढा. मग पसरट झाऱ्याने डाळिंब्या अलगद उचलून उथळ भांड्यात सोडा, रस कडेने ओता, आणि शेवटी तो तवंग दोन-तीन ठिकाणी थेंब-थेंब घाला. भांडं उथळ असेल तर डाळिंब्या आपोआप वर दिसतात. अमेरिकेत १९७०च्या सुमारास कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीवरून सरकारी कारवाई झाली होती. भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. वाटी उपडी घालून वर उसळ रचणं हा त्याचाच घरगुती अवतार. तुम्ही ते करू नका, गरजच नाही. तुमचं बिरडं फोटोनंतर जेवायचं आहे आणि पुस्तक घेणारी बाई तेवढंच बिरडं त्याच मापाने करून बघणार आहे. तिच्या भांड्यात डाळिंब्या बुडाल्या की ती स्वतःला दोष देईल. बिरड्याचा दुसरा फोटो आदल्या टप्प्याचा घ्या. कोमट पाण्यात भिजलेले मोडाचे वाल परातीत, आजींचा अंगठा आणि तर्जनी एक वाल दाबतायत आणि डाळिंबी सालातून अर्धी बाहेर आलीय. बांगड्या राहू द्या, नेलपॉलिश मात्र नको, नजर तिथेच जाते.

कोथिंबिरीबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे फोटो म्हटलं की हात आपोआप कोथिंबिरीकडे जातो. कृतीत नसेल तर फोटोत नको, इतका साधा नियम करा. असेल तर गार पाण्यात ठेवलेली, निथळलेली, आणि फोटोच्या आधी अर्धा मिनिट. गरम रश्शावर ती लगेच मलूल होते. टोमॅटोचं फूल, गाजराची पानं, बीटचा किस हे पाककला स्पर्धेच्या टेबलावरच राहू द्या.

सोड्याच्या खिचडीचा सगळा कारभार तपकिरी. लाकडी टेबलावर तपकिरी भांड्यात ठेवली तर ती दिसणारच नाही. पांढरट किंवा निळसर-राखाडी ताटली घ्या आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, सनबोर्ड जरा लांब. म्हणजे प्रत्येक शिताला आणि सोड्याच्या वळणाला स्वतःची छोटी सावली मिळते. मूद पाडू नका. आसट खिचडी मुदीत उभी राहत नाही, आणि उभी राहिलीच तर ती आसट नाही. चमच्याने एकदा बाजूला सारा, तो खोलगट खड्डा आणि त्यातून दिसणारा ओलेपणाच वाचकाला हवा आहे.

कानवल्याला वरून फोटो काढलात तर तो साध्या करंजीसारखा दिसेल. त्याचं सगळं वैभव कडेला आहे. फोन टेबलाच्या पातळीला आणा, कानवला उभा किंवा दुसऱ्याला टेकवून ठेवा, उजेड मागच्या बाजूने तिरका. पदर मोजता आले पाहिजेत. तळताना तुपाची आच मंद ठेवायला सांगा आणि फोटोसाठीचे कानवले पहिल्या घाण्यातले घ्या, नंतर तुपात पिठाची पूड जळून पुढच्यांवर काळे ठिपके येतात. एक कानवला मोडून सारण दाखवा, पण सुरीने कापू नका, पदर चिरडतात. हाताने मोडा आणि सांडलेला चुरा तिथेच असू द्या.

तळलेलं पापलेट त्याच घरात तळायचं, टिपकागदावर एक क्षण ठेवायचं आणि लगेच फोटो. सोलकढी ठेवली की वर दूध आणि खाली पाणी होतं, म्हणून ढवळून ओता आणि ओतल्या ओतल्या टिपा. निनाव्याची वडी कापताना सुरी प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसा. कडा स्वच्छ आल्या तरच वरचा खरपूस थर आणि आतला मऊ भाग वेगळे कळतात.

भांड्यांवर माझं मत थोडं कडक आहे. नौपाड्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फोटोसाठी गोणपाट, कंदील आणि पाटा-वरवंटा कशाला मांडायचा? तुम्ही ज्यात जेवता ती भांडी घ्या. स्टीलची अडचण एवढीच की त्यात खिडकी, फोन आणि फोटो काढणारी असे सगळेच दिसतात. ताट किंचित तिरकं करा, किंवा फोनच्या बाजूला काळा कार्डपेपर धरा, प्रतिबिंब जातं. पितळ, कांसं, चिनी माती, घरोघर जे असेल ते मागवा. लग्नात मिळालेल्या, ठिपक्यांनी नावं कोरलेल्या वाट्या निघतील. त्या जरूर वापरा, फक्त त्या घरच्यांना विचारून, नाहीतर नाव दिसणार नाही अशा फिरवून.

नैवेद्याचं किंवा सणाचं पान दाखवणार असाल तर पान वाढणाऱ्या जुन्या हातालाच बोलवा. मीठ वर मध्ये, चटणी-कोशिंबीर-लिंबू डावीकडे, भाज्या-आमटी उजवीकडे, केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पान जांभळी नाक्यावरून सकाळी आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि वाढण्याआधी कोरडं पुसा, नाहीतर पाण्याचे थेंब पांढरे चमकतात. फोटो बरोबर वरून, जेवणारा खाली बसलाय असं धरून. आणि डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याला, लेखी बजावून ठेवा, कुठलाही फोटो आरशासारखा उलटवायचा नाही. पानाची मांडणी बसवायला ते सर्रास उलटवतात. डाळीच्या वाटीला काही होत नाही, पण पानाची डावी-उजवी बाजू बदलली की तुमच्या आज्या पहिल्या नजरेत पकडतील.

फोटो छापखान्याला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवा, फाइलला कृतीचा क्रमांक द्या. फोनचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. त्यामुळे पडद्यावर ठीक वाटलेली खिचडी कागदावर काळवंडते, आणि छपाईच्या चार शाईंत हळदीचा आणि कोथिंबिरीचा तेजस्वी रंग थोडा उतरतोच. चार फोटो, म्हणजे एक पांढरा, एक पिवळा, एक तपकिरी आणि एक हिरवा, आधी त्याच कागदावर प्रूफ काढून बघा. खिडकीपाशी उभं राहून बघा, छापखान्याच्या दिव्याखाली नव्हे. मग बाकीचे सगळे त्या अंदाजाने उजळून घ्या. चकचकीत कागदापेक्षा मॅट बरा, ओट्यावरच्या दिव्यात पान चमकत नाही.

कागदपत्रांचं एक काम राहिलं. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यानुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची. कोणाच्या भाच्याने हौसेने फुकट काढून दिले तर मालक तो भाचा. आज सगळे एका घरचे असतात, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी नसतात. दोन ओळींचं संमतीपत्र आत्ताच सही करून घ्या, ज्यांचे हात आणि चेहरे दिसतात त्यांचंही. नेटवरून उचललेला एकही फोटो नको. आणि एआयकडून चित्रं काढून घ्यायचं कोणी सुचवलंच, तर त्याला खाजाचा कानवला काढायला सांगा आणि आलेलं चित्र मंडळातल्या सर्वांत वयस्कर सभासदाला दाखवा. पुढची चर्चा त्याच करतील.